काबुकी नटाचं छापचित्र कसं वाचायचं: सुरुवात कडेपासून, चेहरा शेवटी

काबुकी म्हणजे जपानची पारंपरिक रंगभूमी. काबुकी नटाचं जुनं जपानी छापचित्र समोर आलं की नजर थेट चेहऱ्यावर जाते. तिरळे झालेले डोळे, खाली वळलेले ओठ, ताठ झालेली बोटं बघून आपण म्हणतो, ‘केवढा चिडलाय हा!’ आणि पुढच्या चित्राकडे वळतो. माझा आग्रह असा की चेहरा सगळ्यांत शेवटी पाहावा. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, ज्याने हे चित्र दुकानातून घेतलं त्याला नट कोण, नाटक कुठलं, ते कोणत्या थिएटरात चाललंय हे आधीच माहीत असायचं. कदाचित तो कालच ते बघून आला असेल. आपल्याकडे ती माहिती नाही. ती चित्राच्या कडा, शिक्के आणि कपडे यांतून गोळा करावी लागते. एकदा गोळा झाली की तोच चेहरा वेगळा दिसतो.

यासाठी जपानी यायलाच हवं असं नाही. मला आजही जपानी वाचता येत नाही. दहा-पंधरा खुणा ओळखता आल्या आणि धीर धरला की बरंच काम होतं.

आधी चित्रं कुठे बघायची

शिकायला स्वतःचं चित्र लागत नाही. टोकियोच्या वासेदा विद्यापीठाचं त्सुबोउची नाट्यसंग्रहालय, क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाचं कला संशोधन केंद्र, बॉस्टनचं ललित कला संग्रहालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांनी हजारो नटचित्रं ऑनलाइन ठेवली आहेत. मोठ्या आकारात उघडता येतील अशीच चित्रं निवडा, कारण नखाएवढा शिक्का वाचायचा असतो. हातात एखादं चित्र असेल आणि काहीच माहीत नसेल, तर उकियो-ए डॉट ऑर्ग या साइटवर त्याचा फोटो चढवा. तिथे अनेक संग्रहालयांतल्या सारख्या दिसणाऱ्या प्रती शोधून दिल्या जातात. चित्रावरचं वळणदार जुनं जपानी अक्षर छापील जपानी येणाऱ्यांनाही सहज वाचता येत नाही. त्यासाठी ‘मिवो’ नावाचं मोफत ॲप आहे. ते चुकतं, पण भूमिकेच्या नावाची दोन अक्षरं जरी उलगडली तरी शोधाला दिशा मिळते.

पहिली पायरी: माप आणि कडा

नेहमीचं मोठं माप म्हणजे ओबान, सुमारे ३९ बाय २६ सेंटिमीटर. अठराव्या शतकातली बरीच नटचित्रं अरुंद आणि उभी असतात, साधारण ३३ बाय १५. त्या मापाला होसोबान म्हणतात आणि कात्सुकावा शुन्शो या चित्रकाराच्या घराण्याची नटचित्रं पुष्कळदा याच मापात सापडतात. ओबानच्या निम्म्या मापाचं, म्हणजे चूबान चित्र असेल तर ओसाकाची शक्यता धरावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथले चित्रकार त्या मापात फार देखणं काम करत होते.

मग कडा बघा. माझ्याकडे कुनिसादा या चित्रकाराचं एक पान आहे. उजव्या कडेतून तलवारीचं टोक आत आलंय, पण ती धरणारा हात कुठेच दिसत नाही. नट मान वळवून कागदाबाहेर बघतोय. मी कितीतरी दिवस ही चित्रकाराची युक्ती समजत होतो. खरं म्हणजे ते तीन पानी चित्राचं डावं पान होतं. उरलेली दोन पानं एका संग्रहालयाच्या साइटवर सापडली आणि तो हातही सापडला. तेव्हा रेषा, झाडाची फांदी किंवा बाहीचा घोळ कडेला अर्धवट तुटला असेल, तर शेजारचं पान शोधा. प्रसंग बहुधा दोन पात्रांमधला असतो आणि त्यातलं एक तुमच्याकडे नसतं.

दुसरी पायरी: शिक्क्यांवरून साल काढणं

हा भाग सगळ्यांत कोरडा वाटतो, पण मला तोच सगळ्यांत आवडतो. छापण्याआधी चित्र तपासनिसाकडून मंजूर करून घ्यावं लागे आणि त्या मंजुरीचा शिक्का छपाईच्या लाकडी ठशातच कोरला जाई. शिक्क्याची पद्धत काही वर्षांनी बदलत गेली, त्यामुळे नुसत्या शिक्क्याच्या रूपावरून काळ ठरवता येतो.

एकच लहान गोल शिक्का, आत ‘किवामे’ हे अक्षर, असं असेल तर चित्र साधारण १७९१ ते १८४२ या काळातलं. १८४३ ते १८४६ मध्ये तपासनिसाच्या नावाचा एक शिक्का येतो, १८४७ ते १८५२ मध्ये दोन तपासनिसांचे दोन. १८५२ पासून सोबत तारखेचा शिक्का नियमाने येऊ लागतो आणि तिथून काम सोपं होतं. १८५३ च्या अखेरीपासून १८५७ पर्यंत ‘आरातामे’, म्हणजे ‘तपासले’, असा एक शिक्का आणि तारखेचा दुसरा. १८५८ ला फक्त तारीख. १८५९ ते १८७१ या काळात दोन्ही एकाच गोल शिक्क्यात. १८७६ पासून चित्रकार आणि प्रकाशक यांची नावं, पत्ते आणि तारीख समासात सरळ छापलेली मिळतात.

तारखेच्या शिक्क्यात वर्ष आकड्यात नसतं. बारा प्राण्यांच्या चक्रातला एक प्राणी आणि महिन्याचा आकडा असतो. क्रम असा: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा, रानडुक्कर. १८५२ हे उंदराचं वर्ष, तिथून बोटं मोजत जायचं. अडचण अशी की प्राणी दर बारा वर्षांनी परत येतो. माझ्या पानावर ‘ससा, २’ आहे. म्हणजे १८५५ किंवा १८६७. पण ‘आरातामे’ आणि तारीख हे दोन वेगळे शिक्के आहेत, म्हणून १८५५. शिवाय कुनिसादा १८६७ ला हयातच नव्हता. एका खुणेचं उत्तर दुसरीशी जुळवून घ्यायची सवय इथूनच लागते.

दोन गोष्टींची काळजी घ्या. हे महिने चांद्र पंचांगाचे आहेत. आपल्याकडे अधिकमास येतो तसा त्यांच्याकडेही येई आणि शिक्क्यात त्याचं ‘उरू’ हे अक्षर असे. १८५४ ला सातवा महिना अधिक होता. आणि बारावा महिना बऱ्याचदा इंग्रजी पुढच्या सालात पडतो. कुनिसादाचंच बघा: वारला १८६४ च्या बाराव्या महिन्यात, पण इंग्रजी तारीख येते जानेवारी १८६५. पुस्तकांत दोन सालं दिसतात ती म्हणून. ओसाकाच्या, विशेषतः जुन्या चित्रांवर हे शिक्के सहसा नसतात, तिथे ही पायरी सोडून पुढे जा.

तिसरी पायरी: सही आणि प्रकाशकाची खूण

सहीच्या शेवटी बहुधा ‘गा’ हे अक्षर येतं, म्हणजे ‘याने रेखाटले’. नाव वाचताना घोटाळा होतो तो वारसा हक्काने चालणाऱ्या नावांमुळे. ‘तोयोकुनी’ ही सही पहिल्या तोयोकुनीची असू शकते. तो १८२५ ला गेला. पण त्याचा शिष्य कुनिसादा यानेही १८४४ पासून तेच नाव लावलं. लाल उभट चौकटीत ‘तोयोकुनी गा’ असेल, तर ती बहुतेक वेळा कुनिसादाची सही. एकोणिसाव्या शतकातली जी नटचित्रं बाजारात दिसतात, त्यांत त्याचा वाटा इतका मोठा आहे की ही एक चौकट ओळखता आली तरी पुष्कळ काम होतं.

प्रकाशकाची खूण छोटी आणि चित्रमय असते. डोंगराच्या शिखराखाली वेलीचं पान दिसलं तर तो त्सुताया जुझाबुरो. शाराकू या चित्रकाराची चित्रं त्यानेच प्रकाशित केली. चित्र प्रकाशकाच्या पैशावर उभं राहायचं. चित्रकार आराखडा देई, कोरणारा तो रानचेरीच्या लाकडावर कोरी, छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून कागदी तुतीच्या कागदावर छापी. सही मात्र एकाचीच. नटाच्या कानशिलाजवळचे केस फोटो मोठा करून बघा. एकेक केस सुटा दिसतो. लाकडात त्या रेषेच्या दोन्ही बाजू कोरून काढून मधली केसाएवढी जागा उभी ठेवलेली असते. हे काम कार्यशाळेतल्या सगळ्यांत कसबी कोरणाऱ्याकडे जाई.

चौथी पायरी: कपड्यावरचं चिन्ह, म्हणजे मोन

नट ओळखायची खरी किल्ली ही. काबुकीत नटांची घराणी आहेत, नाव पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि प्रत्येक घराण्याचं चिन्ह असतं. बाहीवर, छातीवर, कधी कंदिलावर किंवा पंख्यावर ते शोधा.

एकात एक ठेवलेले तीन चौकोन दिसले तर इचिकावा दान्जुरोचं घराणं. ती तांदूळ मोजायची मापटी आहेत, वरून बघितलेली. पंख्यांवर ओकची पानं म्हणजे ओनोए किकुगोरो. चौकटच्या आकारात बसवलेली चार फुलं म्हणजे मात्सुमोतो कोशिरो. वर्तुळात ‘दाई’ हे अक्षर तीनदा आलं तर बांदो मित्सुगोरो. एवढी चार पाठ केली तरी चालतील, बाकीची हळूहळू होतात.

चिन्हाखेरीज काही नटांची आवडती नक्षी असे. सातव्या दान्जुरोच्या कपड्यावर विळा, कडं आणि ‘नु’ हे अक्षर दिसतं. जपानीत विळा ‘कामा’, कडं ‘वा’. तिन्ही जोडून वाचलं की ‘कामावानु’, म्हणजे ‘मला फिकीर नाही’. अशी चित्रकोडी सोडवण्यात त्या प्रेक्षकांना केवढी मौज वाटत असेल! नाटकं बघायची ऐपत नसलेलाही एक चित्र घेऊन हा खेळ खेळू शकत होता.

आणि चिन्ह नसेल तर? १८४२ ला सरकारने चैनीवर बंदी आणताना नटांची चित्रंच बंद केली. त्याच वर्षी सातव्या दान्जुरोला एदोतून हद्दपार केलं. काही वर्षांनी चित्रं परत आली ती नाव न घेता. ऐतिहासिक वीर म्हणून, दंतकथेतली माणसं म्हणून. कुनियोशीने तर नटांचे चेहरे गोदामाच्या भिंतीवर कुणी पोराने खरवडल्यासारखे काढले. १८५० च्या दशकातल्या बहुतेक एदो चित्रांवर भूमिकेचं नाव असतं, नटाचं नसतं. अशा वेळी पुढच्या दोन पायऱ्यांवर भिस्त.

पाचवी पायरी: भूमिका ओळखणं

भूमिका वेषावरून कळते, कारण वेष परंपरेने ठरलेला. अंगापेक्षा मोठ्या चौकोनी बाह्या, पिकलेल्या पर्सिमन फळासारखा तांबूस रंग आणि बाहीवर तीन मापटी असतील तर ‘शिबाराकू’ नाटकातला वीर. काळा किमोनो, कपाळाला जांभळी पट्टी आणि हातात छत्री असेल तर सुकेरोकू. राखाडी वेष, दातांत गुंडाळी आणि बोटांची मुद्रा म्हणजे निक्की दांजो, उंदराचं रूप घेणारा खलनायक. भिजलेला काळा किमोनो आणि फाटकी छत्री म्हणजे ‘चुशिंगुरा’ नाटकातला दरोडेखोर सादाकुरो. हा शेवटचा वेष पहिल्या नाकामुरा नाकाझोने १७६६ ला आणला. त्याआधी ती अगदी किरकोळ भूमिका होती. आता सादाकुरो म्हटलं की हेच रूप.

चेहऱ्यावर रंगाचे पट्टे असतील तर रंग बघा. लाल पट्टे शौर्याचे आणि न्याय्य संतापाचे, निळे दुष्टपणाचे किंवा भुताचे, तपकिरी पिशाचांचे.

बाईचं पात्र असेल तर कपाळाच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथे, जांभळ्या कापडाचा तुकडा आहे का पाहा. असेल तर ते नटाचं चित्र. १६२९ ला बायकांना काबुकीच्या रंगभूमीवर बंदी झाली. पुढे तरुण मुलांच्या काबुकीवरही बंदी आली आणि नटांना पुढचे केस भादरावे लागले. स्त्रीभूमिका करणारा ओन्नागाता ती मोकळी जागा जांभळ्या कापडाने झाकायचा आणि चित्रकार ते कापड न लपवता काढायचे. पुरुषाने घडवलेली स्त्री हाच त्या कलेचा अभिमान होता. बालगंधर्वांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वाचकांना यात परकं काही वाटू नये.

सहावी पायरी: आता चेहरा

आता चेहऱ्याकडे या. १७६५ च्या सुमारास अनेक रंगांची छपाई आली आणि लगेचच शुन्शो आणि बुन्चो यांनी नटांचे खरेखुरे चेहरे काढायला सुरुवात केली. १७७० ला दोघांनी पंख्यांच्या आकारात नटांचे चेहरे असलेलं पुस्तक काढलं. त्याआधी तोरी घराण्याच्या चित्रांत नट चिन्हावरूनच ओळखायचा, कारण चेहरे सगळे सारखेच. शुन्शोनंतर चेहरा स्वतःच पुरावा झाला.

पाचव्या कोशिरोचं नाक बाकदार आणि मोठं, डोळे बारीक. चिन्ह नसलं तरी तो लपत नाही. त्याच्या डाव्या भुवईजवळ तीळ होता. त्याने निक्की दांजो इतका गाजवला की पुढचे नट त्या भूमिकेत मुद्दाम तीळ काढू लागले. म्हणून तीळ दिसला की लगेच कोशिरो म्हणू नका, आधी शिक्का बघा. पाचवा इवाई हान्शिरो ओन्नागाता होता आणि त्याचे डोळे ‘हजार र्‍योंचे’ (र्‍यो म्हणजे सोन्याचं नाणं) म्हणून ओळखले जात. आठव्या दान्जुरोचा चेहरा लांबट.

शाराकूचं एक चित्र सविस्तर पाहू. तिसरा ओतानी ओनिजी, भूमिका एदोबेई, नाटक १७९४ च्या पाचव्या महिन्यात कावाराझाकी-झा थिएटरात. मागे काही नाही, फक्त अभ्रकाची काळसर चकाकी. मान पुढे काढलेली, डोळे आत वळलेले आणि छातीपाशी कपड्याच्या फटीतून दोन्ही पंजे बाहेर आलेले. बोटं पसरलेली. हात इतके लहान की चेहऱ्याशी मेळ बसत नाही. एदोबेई भाडोत्री गुंड आहे, इप्पेई नावाच्या नोकराजवळचे पैसे लुटायला आलाय. हे कळलं की बोटांचा अर्थ लागतो: झडप घालण्याआधीचा तो क्षण आहे. काबुकीत नट अशा ठिकाणी थिजतो, त्याला ‘मिए’ म्हणतात, आणि बाजूला लाकडी ठोकळे आपटले जातात. आता शाराकूचंच इप्पेईचं चित्र शेजारी ठेवा. इचिकावा ओमेझो, दात आवळून तलवार उपसतोय. दोन्ही पानं एकमेकांकडे बघायला लागतात. शाराकूने जेमतेम दहा महिन्यांत दीडशेच्या आसपास चित्रं काढली आणि तो नाहीसा झाला. अवाच्या सरदाराच्या पदरचा, ‘नो’ या जुन्या जपानी नाट्यप्रकारातला नट साइतो जुरोबेई म्हणजेच शाराकू, हे मत आज बहुतेक जण मान्य करतात.

सातवी पायरी: प्रयोगाशी पडताळणी

नट, भूमिका आणि महिना हाताशी आले की त्या प्रयोगाची छापील पत्रकं शोधा. त्यांना ‘बांझुके’ म्हणतात आणि त्यांत कोणती भूमिका कोण करतोय हे दिलेलं असतं. वासेदा आणि रित्सुमेइकानच्या संग्रहांत ती आहेत. जुळलं तर तुमच्या चित्राला थिएटर आणि प्रयोग मिळाला.

न जुळलं तर लगेच चुकलो असं समजू नका. काही चित्रांतला पात्रसंच कधी रंगमंचावर आलाच नाही, तो चित्रकाराच्या कल्पनेतला. याला ‘मिताते’ म्हणतात. कुनिसादाने १८५२ ला तोकाइदो रस्त्याच्या एकेका मुक्कामासमोर एकेक नट उभा केला, त्यांतले काही तर आधीच वारलेले होते.

वारलेल्या नटांचा एक वेगळाच प्रकार आहे, शिनि-ए, म्हणजे मृत्यूचित्र. आठव्या दान्जुरोने १८५४ च्या आठव्या महिन्यात ओसाकात स्वतःचा जीव घेतला. जपानी गणतीने वय ३२. त्याच्यावर शंभराहून अधिक वेगवेगळी चित्रं निघाली. फिक्या निळ्या वेषात नट, हातात जपमाळ, बाजूला मरणोत्तर नाव आणि तारीख. घाईत छापल्यामुळे अनेकांवर सही नाही, मंजुरीचा शिक्काही नाही. म्हणजे दुसरी आणि तिसरी पायरी इथे चालत नाही, पण तारीख मजकुरातच असते. मी अशी चित्रं एकामागून एक बघितली आणि एका टप्प्याला पुढे जाववेना. त्या शहराला तो माणूस किती हवा होता, ते कळतं.

विकत घ्यायचं असेल तर

दहापट भिंग घ्या. रंगात छापखान्याचे बारीक ठिपके दिसले तर ती यंत्रावरची नक्कल. खऱ्या चित्रात रंग कागदात मुरलेला असतो, उलट्या बाजूला उमटलेला दिसतो, कधी छापताना फिरवलेल्या बांबूच्या चकतीच्या गोल रेषाही दिसतात. हाताने नव्याने कोरून छापलेल्या प्रती मात्र या परीक्षेत उत्तीर्ण होतात. तिथे कागदाचा नवेपणा आणि संग्रहालयातल्या प्रतीशी रेषान्‌रेष तुलना हाच उपाय. अशी प्रत सांगून विकली जात असेल तर जरूर घ्या, अभ्यासाला उत्तम.

रंगही साक्ष देतात. लाल करडईच्या फुलांचा, पिवळा पुष्कळदा हळदीचा, जुना निळा आपल्या केन्याच्या जातकुळीतल्या फुलाचा. करडई आणि केना दोन्ही उडतात, म्हणून आज मातकट दिसणारा किमोनो कधीकाळी जांभळा असू शकतो. गडद, टिकाऊ प्रशियन निळा साधारण १८३० नंतरचा. भडक लाल-जांभळे रासायनिक रंग १८६० च्या दशकापासूनचे. कुनिचिकाच्या चित्रांत ते सर्रास दिसतात.

घरी आणल्यावर उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. रंग उडतो तो परत येत नाही. आम्लविरहित पुठ्ठ्यात ठेवा, चिकटपट्टी अजिबात लावू नका. लावायचंच तर जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर चित्र भिंतीवरून उतरवून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पण पुड्या कागदाला टेकू देऊ नका. दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पुड्या बदला आणि कसर लागली नाही ना हे चित्राच्या पाठीमागून आधी तपासा.